जुन्या गाडीचे पाणी

पुण्यात जुनी मोटार बाळगणाऱ्याला एक वाक्य वारंवार ऐकावे लागते: ‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? कूलंट कशाला, साधे पाणी टाका.’ हे वाक्य मी हाताला यश असलेल्या, उभी हयात गाड्यांखाली काढलेल्या मेकॅनिकांकडूनही ऐकले आहे, आणि त्यामागचा विचार अगदीच निराधार नाही हे आधीच मान्य करतो. पुण्याचा पारा दहा अंशांच्या खाली गेला की वर्तमानपत्रांत त्याची बातमी होते. रेडिएटरमधले पाणी गोठून इंजिनाचा ब्लॉक तडकण्याची भीती इथे कोणालाच नाही. शिवाय उष्णता वाहून नेण्याच्या कामात पाण्याला तोड नाही. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.१८ किलोज्यूल उष्णता लागते, कूलंटमधला मुख्य द्रव असलेल्या इथिलीन ग्लायकॉलला जेमतेम २.४, आणि दोन्ही निम्मे-निम्मे मिसळले की आकडा साडेतीनच्या आसपास येतो. म्हणजे कूलंट घातल्याने पाण्याची उष्णता वाहण्याची ताकद वाढत नाही, उलट थोडी कमी होते. तरीही माझ्या दोन्ही जुन्या गाड्यांत मी साधे पाणी घालत नाही, कारण कूलंटचे आपल्या हवामानातले मुख्य काम वेगळेच आहे. ते काम आहे धातू वाचवण्याचे.

साध्या पाण्याची ही सवय आपल्याकडे आली कुठून, याचाही मी विचार केला आहे. पुणे हे स्कूटरवर वाढलेले शहर. आकुर्डीच्या जुन्या बजाज चेतकचे इंजिन हवेवर थंड होणारे. ते तापले तर गाडी झाडाखाली उभी करायची आणि पाच मिनिटांनी किक मारायची, एवढेच ज्ञान आमच्या पिढीला पुरेसे होते. चारचाकी घरात आली तीही याच सवयी घेऊन. घाट चढताना गाडी तापली की बॉनेट उघडायचे, झाकणावर फडके टाकायचे, आणि जवळच्या टपरीवरून मिळेल ते पाणी आणून ओतायचे. एप्रिल-मे महिन्यांत खंबाटकीच्या किंवा दिवे घाटाच्या चढावर कडेला बॉनेट वर करून उभ्या असलेल्या गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे दृश्य वेगळे सांगायला नको. त्या क्षणी ते पाणी गाडी वाचवते हे खरे. पण तेच पाणी पुढे वर्षभर आत राहिले तर काय करते, हे बाहेरून दिसत नाही.

माझ्याकडे वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे आणि नंतर मी घेतलेली मारुती झेन आहे. या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या असल्यामुळेच मला हा विषय नीट कळला, कारण त्या आतून अगदी वेगळ्या धातूंच्या आहेत. पद्मिनी ही फियाट ११००च्या घराण्यातली, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १०८९ सीसीची. तिचा ब्लॉक बिडाचा, त्यावर बसणारे हेड ॲल्युमिनियमचे, रेडिएटर तांब्या-पितळेचा आणि त्याचे सांधे शिसे आणि कथील यांच्या डाखाने जोडलेले. झेन १९९३ मध्ये बाजारात आली तेव्हा तिच्या ९९३ सीसी इंजिनाचे वैशिष्ट्यच हे होते की ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे आहेत. माझ्या झेनमध्ये आता जो रेडिएटर आहे त्याची जाळीही ॲल्युमिनियमचीच आहे आणि दोन्ही बाजूंच्या टाक्या प्लास्टिकच्या आहेत. एका गाडीत बीड, ॲल्युमिनियम, तांबे, पितळ, शिसे आणि कथील एकाच पाण्यात भिजत पडलेले. दुसरीत जवळजवळ सगळे ॲल्युमिनियम. या दोघींना एकच बाटली चालेल असे गृहीत धरणे मला पटत नाही.

वेगवेगळे धातू एकाच क्षारयुक्त पाण्यात बुडाले आणि विजेच्या दृष्टीने एकमेकांना जोडलेले असले की त्यांच्यात विद्युतघट तयार होतो आणि त्यांतला अधिक क्रियाशील धातू झिजू लागतो. पद्मिनीच्या बाबतीत हा बळी बहुतेक वेळा ॲल्युमिनियमच्या हेडचा जातो, आणि तोही सगळ्यांत नाजूक जागी, म्हणजे ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या हेड गॅस्केटजवळच्या पाण्याच्या भोकांपाशी. तिथला धातू खडबडीत होऊन खात गेला की गॅस्केट नीट दाबून बसत नाही, मग हेड उतरवून फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, द्यावे लागते, आणि प्रत्येक फेसिंगमध्ये हेडची जाडी थोडी कमी होते. जुन्या गाडीचे हेड किती वेळा फेस करता येईल याला मर्यादा आहे. कूलंटमधली गंजरोधक द्रव्ये ही झीज थोपवतात. ग्लायकॉल हा त्या मिश्रणातला मोठा भाग असला तरी राखणदार ही द्रव्येच आहेत, आणि ती प्रमाणाने अगदी थोडी असतात. ती संपली की बाटलीतला रंग तसाच राहतो, ग्लायकॉलही बरेचसे तसेच राहते, पण संरक्षण गेलेले असते. त्यातच उष्णता आणि हवा यांच्या संपर्काने ग्लायकॉलचे हळूहळू विघटन होऊन ग्लायकोलिक आणि फॉर्मिक ही आम्ले तयार होतात. म्हणून संपलेले कूलंट वर्षानुवर्षे गाडीत ठेवणे हे साध्या पाण्यापेक्षा बरे आहे असे कोणी म्हटले तर मी ते मान्य करणार नाही.

ही गंजरोधक द्रव्ये मुख्यतः दोन परंपरांतली आहेत, आणि निवड करताना खरा प्रश्न या परंपरांचा आहे. जुनी परंपरा अजैविक क्षारांची: सिलिकेट, फॉस्फेट, बोरेट, नायट्राइट. हे क्षार धातूच्या सगळ्या पृष्ठभागावर पटकन एक पातळ थर बसवतात. सिलिकेट ॲल्युमिनियमला विशेष लवकर झाकते. पण थर बसवण्यात आणि तो टिकवण्यात ती खर्च होत जातात, त्यामुळे अशा कूलंटचे आयुष्य साधारण दोन वर्षांचे. दुसरी परंपरा सेंद्रिय आम्लांच्या क्षारांची, जी १९९०च्या दशकाच्या मध्यापासून मोटारींत सर्रास वापरात आली. ही द्रव्ये सगळीकडे लेप देत नाहीत. जिथे गंज धरायला सुरुवात होते तिथेच ती धातूशी जोडली जातात, म्हणून ती कमी खर्च होतात आणि पाच वर्षेही टिकतात. या दोन्हींच्या मधल्या संकरित जातीही आहेत, आणि त्यांचा भूगोल मला फार उद्बोधक वाटतो. युरोपातल्या उत्पादकांनी फॉस्फेट टाळून सेंद्रिय द्रव्यांना सिलिकेटची जोड दिली, कारण तिथले पाणी बऱ्याच ठिकाणी जड आहे आणि जड पाण्यातल्या कॅल्शियमशी फॉस्फेटचा संयोग होऊन कठीण साका बसतो. जपानी उत्पादकांनी सिलिकेट टाळून फॉस्फेटची जोड दिली, कारण सिलिकेटमुळे वॉटर पंपाच्या सीलची झीज होते असा त्यांचा अनुभव. म्हणजे कोणत्या देशातले पाणी कसे आहे आणि कोणत्या कारखान्यातला पंप कसा आहे, यावरून बाटलीतले रसायन ठरले आहे.

पद्मिनीसाठी मी जुन्या परंपरेचे, सिलिकेट असलेले कूलंट वापरतो. सेंद्रिय द्रव्ये शिशाच्या डाखाला हवे तसे संरक्षण देत नाहीत, आणि त्यांतल्या २-इथिलहेक्सानॉइक आम्लाने काही जुन्या जातीची सीले आणि प्लास्टिकचे भाग नरम पडतात. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या आराखड्याच्या गाडीला पाच वर्षांचे कूलंट घालून विसरून जाण्यापेक्षा दोन वर्षांचे घालून लक्षात ठेवणे अधिक श्रेयस्कर आहे. दर दोन वर्षांनी पाणी बदलण्याच्या निमित्ताने होज पाइप, क्लिपा, बेल्ट आणि झाकण डोळ्यांखालून जातात, आणि जुन्या गाडीला या नजरेची गरज रसायनाइतकीच आहे. झेनला मात्र मी फॉस्फेटची जोड असलेले, सिलिकेट नसलेले सेंद्रिय कूलंट घालतो. तिचे इंजिन सुझुकीचे, पंप जपानी आराखड्याचा, आणि आत डाख नाही.

ही निवड दुकानात प्रत्यक्षात आणणे मात्र वाटते तितके सरळ नाही. नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांच्या रांगेत उभे राहून कूलंट मागितले की पहिला प्रश्न येतो, ‘हिरवे देऊ का लाल?’ रंग हा केवळ ओळखीसाठी घातलेला असतो, आणि त्याचे कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. हिरवे म्हणजे जुन्या परंपरेचे आणि लाल किंवा नारिंगी म्हणजे सेंद्रिय असा एक ढोबळ संकेत आहे, पण हिरव्या रंगात सेंद्रिय कूलंट विकणारेही आहेत आणि निळा रंग तर दोन्हींकडे सापडतो. म्हणून मी बाटली उलटी करून मागचा मजकूर वाचतो. आय.एस. ५७५९ हे भारतीय मानक, जे.आय.एस. के २२३४ हे जपानी आणि ए.एस.टी.एम. डी ३३०६ हे अमेरिकी, यांपैकी एखाद्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर ती बाटली मी परत ठेवतो. त्यानंतर पाहायचे ते हे की आतला द्रव मूळ आहे की पाणी मिसळून वापरायला तयार. तयार मिश्रणात पुन्हा पाणी घातले की गंजरोधकाचे प्रमाण इतके खाली येते की त्याचा असून नसल्यासारखा उपयोग होतो, आणि गॅरेजांतून ही गोष्ट रोज घडते.

स्वस्त बाटल्यांत पुष्कळदा रंगीत पाणी आणि नावापुरते ग्लायकॉल असते. ते ओळखायची एक साधी रीत आहे. ग्लायकॉल पाण्यापेक्षा जड आहे. मूळ कूलंटचे एक लिटर सुमारे १.१ किलो भरते. घरी आणून मोजपात्राने बरोबर एक लिटर काढून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवले आणि पात्राचे वजन वजा जाता एक किलोच भरला, तर बाटलीवर काहीही छापलेले असो, आत काय आहे ते कळले. पुढे रिफ्रॅक्टोमीटर हे द्रवातले प्रमाण दाखवणारे छोटे उपकरण घेतल्यापासून मी एक थेंब काचेवर टाकून प्रमाण पाहतो, पण वजनाची रीत बिनखर्चाची आणि ढोबळ फसवणूक पकडायला पुरेशी आहे.

प्रमाण किती घ्यावे याबद्दलही गैरसमज आहेत. ‘चांगले आहे तर जास्त घाला’ हा विचार इथे चुकतो. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर आणि हरिकेन विमानांच्या मर्लिन इंजिनांत सुरुवातीला शुद्ध इथिलीन ग्लायकॉल वापरत. पुढे त्याच इंजिनांत दाबाखालचे ७० टक्के पाणी आणि ३० टक्के ग्लायकॉल असे मिश्रण आले. पाण्याचे गुण सोडून चालत नाही हे तिथेही दिसून आले. ३० टक्के ग्लायकॉल सुमारे उणे १६ अंशांपर्यंत गोठू देत नाही, जे पुण्याला कित्येक पटींनी पुरेसे आहे. पण ३० टक्क्यांच्या खाली गेले की गंजरोधकही विरळ होते. म्हणून मी दोन्ही गाड्यांत ४० टक्क्यांच्या आसपास ठेवतो: उष्णता वाहण्यासाठी पाणी भरपूर, आणि राखणीसाठी रसायन पुरेसे. उकळण्याचा मुद्दाही यातच येतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे उघड्या भांड्यातले पाणी इथे ९८ अंशांच्या आसपास उकळते. पसरणी घाट चढून महाबळेश्वरला, सुमारे १३५० मीटरवर गेले की तो आकडा आणखी दोन-अडीच अंशांनी उतरतो. गाडीत ही उणीव भरून काढते ते रेडिएटरचे झाकण. झेनच्या झाकणावर ०.९ असा आकडा कोरलेला आहे, म्हणजे आतला दाब दर चौरस सेंटिमीटरला ०.९ किलोपर्यंत चढू दिला जातो, आणि त्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. ग्लायकॉल त्यात काही अंशांची भर घालते. त्यामुळे गाडी घाटात उकळत असेल तर कूलंटच्या आधी झाकणाचे रबर पाहावे. ते कडक होऊन चिरले असेल तर उत्तमातले उत्तम कूलंटही बाहेर येणार. पण दाब वाढवावा म्हणून मोठ्या आकड्याचे झाकण जुन्या रेडिएटरवर कधीही बसवू नये. डाखाचे सांधे तो ताण सहन करत नाहीत.

मिश्रणातला उरलेला भाग पाण्याचा, आणि पुण्यात पाण्याची गोष्ट वेगळी सांगावी लागते. खडकवासला धरणसाखळीतून नळाला येणारे पाणी बरेचसे मृदू आहे. त्यावर वाढलेल्या पेठांतल्या जुन्या गाड्यांचे रेडिएटर तुलनेने स्वच्छ निघतात. शहर जसजसे चहूबाजूंनी पसरले, तसतशा कितीतरी सोसायट्या बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यावर आल्या. आपल्या काळ्या पाषाणातून वर येणारे बोअरचे पाणी जड असते. बंबाच्या आतल्या नळीवर जसा पांढरा, खरवडूनही न निघणारा थर चढतो, तसाच थर इंजिनाच्या पाण्याच्या वाटांत चढतो, आणि तोही जिथे धातू सर्वाधिक तापतो तिथे, म्हणजे सिलिंडरभोवती आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास. तो थर उष्णता अडवतो. पाणी थंडच राहते, काटा मध्यावरच असतो आणि हेड मात्र आतून भाजत असते. फॉस्फेट असलेल्या कूलंटमध्ये असे पाणी मिसळले तर साका बसण्याचे काम अधिकच सोपे होते. म्हणून मी फक्त डिस्टिल्ड वॉटर वापरतो. बॅटरीच्या दुकानात ते पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळते, फार महाग नसते, आणि घेताना ते ॲसिड नसून पाणीच आहे याची खात्री करून घ्यावी, कारण दोन्हींचे कॅन तिथे शेजारीच ठेवलेले असतात.

बदलण्याचे काम मी होळीच्या आधी करतो. उन्हाळा अंगावर येण्यापूर्वी गाडी तयार असावी हा एक हेतू, आणि सकाळची हवा अजून थंड असते हा दुसरा. गाडी रात्रभर उभी असलेली, इंजिन पूर्ण थंड असले पाहिजे. झाकण काढले की आधी टॉर्च लावून आत पाहावे. तांब्याच्या रेडिएटरमध्ये चपट्या नळ्यांची तोंडे दिसतात. त्यांच्या कडांना पांढुरका, मिठासारखा फुलोरा आला असेल तर तो डाख खाल्ला जात असल्याचा पुरावा आहे. पद्मिनीचा खालचा पितळी नळ उघडला तेव्हा आधी फिकट हिरव्या पाण्याची बारीक धार आली आणि लगेच थांबली. तारेने भोक मोकळे केले तशी आतून विटकरी रंगाची घट्ट लगदी सुटली, आणि तिच्यामागून गढूळ, तपकिरी पाणी भळाभळा टबात उतरले. टब तासभर तसाच ठेवला. वरचे पाणी निवळले आणि तळाशी बोटाच्या पेराएवढा गाळ बसला. टबाच्या बुडाखालून लोहचुंबक फिरवला तेव्हा त्यातले काळपट कण त्याच्यामागे सरकू लागले. ते कण म्हणजे ब्लॉकचेच लोखंड होते. गंजरोधक संपल्यावर काय होते हे एखाद्या कोष्टकातून जितके पटणार नाही तितके त्या टबाकडे पाहून पटते.

केवळ रेडिएटरचा नळ उघडल्याने सगळे पाणी निघत नाही. ब्लॉकच्या बाजूला वेगळा नळ किंवा प्लग असतो. जुन्या गाड्यांत तो रंगाखाली आणि गंजाखाली दडलेला असतो, पण तो उघडल्याशिवाय खरा गाळ बाहेर येत नाही. ज्या गाडीत हीटर आहे तिथे आणखी एक जागा आहे. पुण्यात हीटरची दांडी गरम बाजूला कोणी वर्षानुवर्षे सरकवत नाही, त्यामुळे बऱ्याच जुन्या गाड्यांत हीटरकडे जाणारा व्हॉल्व्ह बंदच राहतो आणि डॅशबोर्डमागच्या त्या छोट्या जाळीत सगळ्यांत जुने पाणी साचून असते. काम सुरू करण्यापूर्वी ती दांडी गरमवर ठेवावी. मग डिस्टिल्ड वॉटर भरून, थर्मोस्टॅट (पाणी पुरेसे तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप) उघडेपर्यंत इंजिन चालवून, पुन्हा पूर्ण थंड होऊ देऊन ते पाणी काढावे, आणि निघणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हेच करत राहावे. या कामाला अख्खा दिवस जातो, आणि गॅरेजमध्ये ते नीट होत नाही त्याचे कारणही तेच: इंजिन निवण्याची वाट पाहायला तिथे कोणाकडे वेळ नसतो.

गाळ फार असेल तर तेजाब किंवा तीव्र रसायन घालून धुण्याचा मोह होतो. ॲल्युमिनियमला ते सोसत नाही, आणि जुन्या रेडिएटरमध्ये पुष्कळदा गंजाचा थरच बारीक भोके बुजवून बसलेला असतो. अशा वेळी मी रेडिएटर उतरवून रेडिएटरवाल्याकडे देतो. मी ज्यांच्याकडे जातो ते मामा गॅसच्या ज्योतीने वरच्या टाकीचा डाख सोडवतात, टाकी अलगद बाजूला करतात आणि एकेका चपट्या नळीतून पोलादाची पातळ पट्टी घालून वरपासून खालपर्यंत ओढतात. प्रत्येक ओढीबरोबर नळीच्या खालच्या तोंडातून लाल भुकटी गळते. मग टाकी पुन्हा डाखून, हवा भरून, रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवून ते बुडबुडे शोधतात. एकदा त्यांनी नळीतून निघालेला पिवळट लगदा मला दाखवला आणि म्हणाले, ‘साहेब, ही हळद. गळती थांबायला टाकतात अन् मग विसरतात.’ गळणाऱ्या रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकणे ही ट्रकवाल्यांची जुनी तोड आहे आणि आडरानात तिने गाडी घरी येतेही. पण घरी आल्यावर ती काढली पाहिजे. बाटलीत मिळणाऱ्या लीक-स्टॉपबद्दलही माझे मत हेच आहे.

थर्मोस्टॅटबद्दल मला कळकळीने लिहावेसे वाटते. गाडी तापते अशी तक्रार घेऊन गेले की आपल्याकडे तो काढून फेकण्याची पद्धत आहे. मग इंजिन कधीच पुरेसे तापत नाही. पेट्रोल अधिक जाते, ऑइलमधला ओलावा उडून जात नाही, आणि ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो तिथे तर काही पाणी रेडिएटरला वळसा घालून तसेच गरम परत येते. थर्मोस्टॅट तपासणे अवघड नाही. पातेल्यात पाणी घेऊन त्यात तो दोऱ्याने टांगावा, थर्मामीटर ठेवावा आणि गॅस मंद करावा. त्यावर कोरलेल्या आकड्याच्या, बहुधा ८२ किंवा ८८ अंशांच्या, आसपास तो हळूहळू उघडू लागला आणि निवताना पुन्हा घट्ट मिटला तर तो चांगला आहे. नाही तर नवा आणावा. त्याची किंमत एका हेड गॅस्केटच्या मजुरीपुढे काहीच नाही.

भरताना हिशोब असा करावा लागतो की धुतल्यानंतरचे काही पाणी ब्लॉकमध्ये उरलेलेच असते. म्हणून तयार मिश्रण ओतण्याऐवजी आधी मूळ कूलंट मोजून घालावे. गाडीच्या पुस्तिकेत एकूण क्षमता चार लिटर दिली असेल आणि ४० टक्के हवे असेल तर १.६ लिटर कूलंट आधी, आणि मग मावेल तेवढे डिस्टिल्ड वॉटर. ओतण्याची घाई करू नये. पाणी हळू घातले की हवा वर येते. भरभर ओतले की हेडमध्ये हवेचा गोळा अडकतो आणि तिथला धातू कोरडा तापतो. मी गाडीचे तोंड चढाकडे करून उभी करतो, वरचा होज पाइप हाताने दाबत राहतो, आणि झाकण उघडे ठेवून इंजिन रिकामे चालू देतो. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते आणि खालचा पाइप गरम लागतो. तेव्हा उरलेले भरावे. झेनचा पंखा एकदा आपोआप लागून बंद होईपर्यंत मी जागचा हलत नाही.

निघालेल्या कूलंटचे काय करायचे हा प्रश्न अनेकजण रस्त्याकडेच्या गटारापाशी सोडवतात, आणि याचा मला मनापासून संताप येतो. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते. गल्लीतली कुत्री-मांजरे ते चाटतात, आणि अगदी थोड्या प्रमाणातही ते त्यांना मारते. शरीरात त्याचे ऑक्झॅलिक आम्ल होते, त्याचे कॅल्शियमशी स्फटिक बनतात आणि मूत्रपिंडे निकामी होतात. त्यातून जुन्या पद्मिनीचे पाणी असेल तर त्यात विरघळलेले शिसे आणि तांबेही आहे, आणि आपली गटारे शेवटी मुठेलाच जाऊन मिळतात. मी ते घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरतो, वर ठळक अक्षरांत ‘विष’ असे लिहितो, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवतो, आणि जे सर्व्हिस सेंटर आपला घातक कचरा रीतसर पाठवते त्यांच्याकडे नेऊन देतो. सगळे घेत नाहीत, विचारावे लागते. फरशीवर सांडलेले भरपूर पाण्याने धुण्याआधी मातीने किंवा भुश्शाने टिपून घ्यावे.

यानंतरचे काही दिवस महत्त्वाचे असतात. पहिल्या थोड्या फेऱ्यांनंतर, गाडी थंड असताना, मी रेडिएटरला जोडलेल्या बाटलीतली पातळी पाहतो. अडकलेली हवा निघून ती थोडी उतरणे स्वाभाविक आहे, आणि ती त्याच मिश्रणाने भरून काढावी. त्यानंतरही ती उतरत राहिली तर कूलंटला दोष न देता वाट शोधावी. वॉटर पंपाखाली, ज्याला ट्रकवाले वॉटर बॉडी म्हणतात, एक बारीक भोक असते. तिथे रंगीत ओघळ वाळलेला दिसला तर पंपाचे सील गेले. पायाशी गोडसर वास आणि काचेवर तेलकट वाफ आली तर हीटरची जाळी. बाहेर कुठेच ओल नाही, सकाळी सायलेन्सरमधून पांढरी वाफ बराच वेळ येत राहते आणि ऑइलच्या झाकणाखाली साईसारखा थर दिसतो, तर हेड गॅस्केट, आणि तेव्हा गाडी चालवू नये. कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर, कोणते कूलंट, किती टक्के, हे मी एका जाड कागदावर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवतो. गाडी उद्या दुसऱ्या कोणाच्या हातात गेली, किंवा वाटेत एखाद्या अनोळखी मेकॅनिकने बॉनेट उघडले, तर त्याने वरून भलतेच काही ओतू नये एवढ्यासाठी. डिकीत त्याच मिश्रणाची एक लिटरची बाटली असतेच.